पौषात गोळा केलेली भावलीची घरं

छापखाना बंद झाला तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. सोळा वर्षं मी तिथे मुद्रितं तपासली. ओळीवर बोट ठेवून दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, हेच काम. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सगळीकडे कॉम्प्युटर आले. आमच्या मालकांनी शिशाचे अक्षरांचे खिळे भंगारात काढले आणि आम्हाला पेढ्यांचा एकेक पुडा देऊन घरी पाठवलं.

घरी मला बसता येईना. नवरा लग्नांचे फोटो काढायचा, मुलगा नुकताच कॉलेजात जायला लागला होता. दोघंही दहाच्या आत बाहेर पडायचे. मग मी कपाटं लावायची, लावलेली पुन्हा उपसायची. वर्तमानपत्रातल्या चुकांना पेन्सिलीनं गोल करायची. दुपारी चप्पल घालून बाहेर पडायची आणि पुण्याच्या कुठल्याही रस्त्यानं चालत सुटायची. पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं होतं.

अशाच एका दुपारी मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरले. पितळेच्या समया, घंगाळं, ग्रामोफोन यांच्या गर्दीत एका टेबलावर लाकडी घर होतं. दीड हात लांब, सागाचं. पुढे पडवी, तिला दोन खांब, मग उंबरा, आत माजघर, मागे चुलीची खोली. वरचं छप्पर उचललं की सगळं आत दिसायचं. खिडकीच्या एका झडपेवर पोपट कोरला होता. दुसऱ्या झडपेवरच्या पोपटाचं डोकं तुटलेलं होतं. मी ते घर तिरपं करून उंबऱ्याखाली पाहिलं. तिथे चिमणीच्या पावलासारख्या तीन रेघा कोरलेल्या होत्या. अशाच रेघा माझ्या स्वयंपाकघरातल्या पोळपाटाच्या पोटाशी होत्या. ती माझ्या वडिलांची खूण.

"मॅडम, खाली ठेवा," दुकानदार म्हणाला. "ते विकलं गेलंय. पॅकिंग व्हायचंय."

"आलं कुठून?"

"जुन्नर साइडचा माल आहे. परदेशात चाललाय."

हे माझ्या वडिलांनी केलंय असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण घर टेबलावर ठेवून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. टेबलावर हंडी ठेवलेली होती. घर गेलं होतं.

तिथून मी घरी न जाता तशीच मंचरच्या एसटीत बसले.

वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, मंचरला राहायचे. आयुष्यभर त्यांनी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावांमधून लोकांची घरं उभी केली. खांब, तुळया, दारं, माळे. एकेका घरासाठी दोन-दोन, तीन-तीन महिने ते तिकडेच मुक्काम करायचे. आमच्या वाट्याला ते दिवाळीत आणि भर पावसाळ्यात यायचे. आता पंच्याहत्तरी ओलांडली होती आणि हात इतके कापायचे की आक्का त्यांना चहा पेल्यात अर्धाच द्यायची.

मी गेले तेव्हा ते अंगणात उन्हाला बसले होते.

"तात्या, तुम्ही लहान घरं करायचात का? बाहुलीसाठी?"

"व्हय. भावलीची घरं."

"कुणाला?"

"ज्यांचं घर बांधायचो त्यांच्या पोरींला. लाकूड उरायचं. टाकायचं कशाला?"

"किती केली असतील?"

"कुनी मोजल्यात?"

मी आमच्या घरात तसलं काही कधी पाहिलं नव्हतं. मी तेही विचारणार होते. पण तेवढ्यात ते गावांची नावं घ्यायला लागले आणि मी पिशवीतली पेन्सिल काढून एसटीच्या तिकिटामागे लिहू लागले. लोणी. डिंभ्याच्या धरणातलं एक गाव. आहुपे. कुकडीकाठची एक वस्ती. घाटघर. बाकीची त्यांना आठवेनात.

"मी ती गोळा करणार," मी म्हणाले. "तुम्हाला आणून दाखवते."

"मला काय दावायचं? मीच केल्यात," तात्या म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत.

पौष महिना होता. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे नवऱ्याची मारुती व्हॅन दारात धूळ खात उभी होती. कॅमेऱ्यांच्या पेट्या ने-आण करायला म्हणून मी आदल्या वर्षीच गाडी शिकले होते. संक्रांत झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी व्हॅन घेऊन मंचरला आले. आक्का आधी हसली. मग डब्यात भाकरी, ठेचा, तिळाच्या वड्या भरून माझ्या शेजारी येऊन बसली. "तुझ्या दाजींना सांगितलंय तीन दिवस," ती म्हणाली. "वीस वर्षांत तीन दिवस मागितले, न्हाई म्हणतील कसे?"

पहिल्या दिवशी लोणी. पूर्वेकडचा तो भाग तेव्हा उघडाबोडका होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी, मधूनच कांद्याचं हिरवं वावर. विहिरीवर मोटार लावणारा एक माणूस हातातला स्टार्टर सोडून बघत राहिला. "बाई गाडी चालवती राव!" तो ओरडला. आक्कानं त्याला हात केला.

घर लगेच सापडलं, कारण तात्यांनी सांगितलं होतं तसंच गावातलं सगळ्यात उंच दार होतं. घरची बाई साठीची, ठणठणीत. आम्ही कोण ते कळल्यावर तिनं पाण्याच्या आधी गुळाचा खडा पुढं केला. भावलीचं घर म्हटल्यावर तिला क्षणभर आठवेना. मग ती स्वतःच शिडी लावून माळ्यावर चढली आणि कांद्याच्या बियाण्याच्या गाडग्यांमागून ते ओढून काढलं. आत जुने बॅटरीचे सेल आणि रॉकेलची फुटकी चिमणी होती. खूण उंबऱ्याखाली बरोब्बर.

"न्या की," ती म्हणाली. "आमच्या नणंदा खेळायच्या. आता नाती टीव्हीफुडनं हालत न्हाईत. माळ्यावर तेवढीच जागा व्हईल."

एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी ते चादरीत गुंडाळून व्हॅनच्या मागच्या सीटवर ठेवलं. आनंद झाला म्हणावं, तर तो पाच मिनिटंही टिकला नाही. गाव मागे पडलं नाही तोच मी आक्काला म्हणाले, "आत्ताच डिंभ्याला निघू या का?"

"दुपारचे तीन वाजलेत. भाकर तरी खा."

मी भाकरी खाल्ली ती स्टिअरिंगवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी पहाट सरताच निघालो. घोडेगाव मागे टाकल्यावर डोंगर जवळ यायला लागतात. धरणाचं पाणी डावीकडे दिसायला लागलं तेव्हा आक्का म्हणाली, "तात्यांची निम्मी घरं ह्याच्यातच हायेत बघ." पाणी निळंशार होतं आणि त्यावर काही दिसत नव्हतं.

ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं त्यांतलं एक कुटुंब वरच्या अंगाला नव्या, पत्र्याच्या घरात राहत होतं. म्हातारे बाबा आणि त्यांची मुलगी. मुलगी माझ्याच वयाची. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, एवढं आक्काला बोलण्यातून कळलं. भावलीचं घर आतल्या खोलीत फळीवर होतं, पुसून ठेवलेलं. लोणीच्या घरापेक्षा लहान, पण काम बारीक. माजघराला झोपाळ्याच्या कड्यासुद्धा होत्या.

"मोठं घर पान्यात गेलं," बाबा म्हणाले. "वासे काढून आनलं तेवढं आनलं. तुळया र्‍हायल्या. ह्ये मातुर पोरीनं डोक्यावर आनलं."

हे ऐकल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी फळीकडे बघत होते. मी म्हणाले, "बाबा, वडील थकलेत. त्यांच्या डोळ्यांखालून एकदा घालायचंय. त्यांना फार बरं वाटेल." बोलताना माझं मलाच कळत होतं की तात्यांना यातलं काही नको आहे.

बाबांनी मुलीकडे पाहिलं. "मिस्तरीला बघायचं असंल तर न्या," बाबा म्हणाले. "देवमाणूस व्हता. आमच्यात जेवायचा."

मी घर उचललं. मी दारापर्यंत आले तेव्हा मुलगी आत गेली आणि मूठ मिटून बाहेर आली. मुठीत मातीची इवलीशी चूल होती आणि बोटाच्या पेराएवढं जातं. तिनं ते दोन्ही घराच्या मागच्या खोलीत नीट ठेवलं.

"ह्ये बी न्या," ती म्हणाली. "त्याच्याबिगर घर कसं म्हनायचं?"

गाडीत बसल्यावर मी बडबडत राहिले. आहुपे किती लांब, तिथलं घर कसं असेल, तिथून किती वाजता निघालो तर उजेडात परत येऊ. वळणांवर चूल मागच्या मागे खुळखुळत होती. प्रत्येक आवाजाला आक्का मान वळवून बघायची.

आहुप्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तात्यांनी जे घर बांधलं होतं ते देवराईच्या वाटेवर, भाताच्या खाचरांना लागून. अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. आमचं येणं कशासाठी हे समजून घ्यायला तिला वेळ लागला. मग ती हसत सुटली.

"आवं बाई, तिथं देव बसल्यात!"

आत नेऊन दाखवलं. भिंतीतल्या कोनाड्यात भावलीचं घर आणि त्याच्या पडवीत टाक मांडलेले. हळदकुंकू, झेंडूची सुकलेली फुलं. पोरी नांदायला गेल्यावर चांगलं घर रिकामं कशाला ठेवायचं, म्हणून तिनं देवांना दिलं होतं.

"आम्ही तुम्हाला नवा देव्हारा आणून देऊ," मी म्हणाले.

"देवाला उठवायचं कुनी? तू उठवतीस?"

आक्कानं मला कोपरानं ढोसलं. म्हातारीनं आम्हाला नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. मी पटापट गिळलं आणि उठले. परतीच्या रस्त्यावर मी नुसती धुमसत होते. "तिला काय, कुठलाही पाट चालला असता देवांना."

"तुला एवढं कशाला पायजे गं?" आक्कानं विचारलं.

"आख्ख्या दोन तालुक्यांतल्या पोरींना करून दिली. आपल्याला कधी दिलं का?"

"तुला न्हाई दिलं," आक्का म्हणाली. "मला दिलं व्हतं."

मी गाडी कडेला घेतली.

"मी चार वर्षांची व्हते. ह्या सगळ्यांपेक्षा मोठं व्हतं. मी आत डोकं घालून बसायची. तू झालीस आनि घरात पाळणा न्हवता. तात्या तेवढ्यापुरते दोन दिवस आले, लाकूड मिळंना. मग माझं घर मोडलं आनि त्याचा पाळणा केला." ती समोरच्या काचेतून बघत होती. "आई म्हनायची, मी आठ दिवस जेवले न्हाई. मला ते आठवत न्हाई. मला लाकडाचं सांधं उपसल्याचा आवाज तेवढा आठवतो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तू पाळण्यात व्हतीस."

त्या पाळण्यात मग आमचे दोन मामेभाऊ झोपले आणि पुढे तो कुणीतरी मागून नेला, एवढंच मला माहीत होतं. मी गाडी सुरू केली. मंचर येताच आक्का उतरून थेट गोठ्यात गेली.

तिसऱ्या दिवशी आक्का येईल की नाही याची मला खात्री नव्हती. पण ती माझ्या आधी व्हॅनपाशी उभी होती. नारायणगाव, जुन्नर करून आम्ही कुकडीकाठच्या वस्तीवर गेलो. तिथलं घर गोठ्यात होतं आणि त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक हसऱ्या तोंडाचा, द्राक्षाच्या बागेत औषध मारून आलेला. त्यानं कोंबडीला पाटीत हलवलं, घर बादलीभर पाण्यानं धुतलं आणि आणून दिलं. "पावणं, वास येईल जरा," तो म्हणाला. खूण शोधायला मी खाली पाहिलं. उंबऱ्याखालचं लाकूड इतकं कुजलं होतं की काही कळेना. तरी मी ते घेतलं.

घाटघरला वारा असा होता की व्हॅनचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. तिथली बाई पन्नाशीची, शेलाटी. आम्ही भावलीचं घर म्हणताच ती उठून उभी राहिली.

"घावलं काय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग तिनं सांगितलं ते असं. दीड वर्षापूर्वी एक माणूस टेम्पो घेऊन आला होता. जुनी भांडी, जुनी लाकडं घ्यायचा आणि बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायचा. हिनं माळ्यावरचं भावलीचं घर देऊन टाकलं. त्या दिवाळीला मुलगी ठाण्याहून माहेरी आली. तिच्या पोटात बाळ होतं. आल्या आल्या शिडी लावून माळ्यावर गेली आणि रिकाम्या हातानं खाली उतरली.

"म्हनली, माझं न विचारता दिलंसच कसं? मी म्हनलं, तू नांदायला गेलीस, मला काय ठावं तुला पायजे? भाऊबीज झाली न्हाई तवर निघून गेली. तवापासनं बोलणं टाकलंय. तिला मुलगी झाली, ती बी मी बघितली न्हाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमी जुनी घरं गोळा करताय न्हवं? आमचं वळखायला सोपं हाय. खिडकीला दोन पोपट, एकाचं मुंडकं मोडलंय. तिच्या दातानं मोडलंय, ल्हान व्हती तवा."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आक्काला मी दुकानातलं सगळं सांगितलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. शेवटी मी म्हणाले, "मावशी, मी ते पाहिलं. पुण्यात, एका दुकानात."

"मंग आनलं का न्हाई?"

"विकलं गेलं होतं. परदेशी चाललं होतं."

"आवं पर तुमच्या बापानं केल्यालं व्हतं ना? आमची पोरगी खेळल्याली. सांगायचं तरी त्यास्नी."

मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. ती माझ्यावर चिडली नाही. उलट चहा टाकायला आत गेली. मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. निघताना तिनं व्हॅनच्या काचेला नाक लावून मागच्या सीटवरची तिन्ही घरं बघितली. "ह्ये कुनाचं?" ती प्रत्येकाबद्दल विचारत होती, आणि मी प्रत्येक वेळी गावाचं नाव सांगत होते.

संध्याकाळी ऊन असतानाच मंचरला पोचलो. घरं अंगणात ओळीनं मांडली आणि तात्यांना बाजेवरून उठवून आणलं. ते उकिडवे बसले. हात गुडघ्यावर दाबून धरले होते, तरी बोटं हलत होती. लोणीच्या घराचं दार त्यांनी उघडलं, मिटलं. धरणाकाठच्या घरातली चूल उचलून पाहिली. कोंबडीच्या घराकडे एकदाच नजर टाकली.

"ह्ये माझं न्हाई. माझं बघून कुनीतरी केलंय. खिळं मारल्यात. मी कुसू बसवायचो." कुसू म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्या लाकडाच्या भोकात घट्ट बसवायचं, खिळ्याशिवाय. मग त्यांनी लोणीच्या घराकडे बोट केलं. "त्या घरी चार पोरी व्हत्या. धाकटी लंगडायची. तिच्यासाठी पडवी मोठी ठेवली, मधी बसता याया पायजे म्हनून. आनि ह्ये," त्यांनी दुसऱ्याकडे बघितलं, "ह्ये कसं दिलं त्यांनी?"

"मी मागितलं."

"कशाला?"

"तुम्हाला दाखवायला."

"बघितलं. आता नेऊन द्या."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "तात्या, तीन दिवस फिरलोय आम्ही. घाट चढलोय."

"गिऱ्हाइकाचं काम सुताराच्या घरी र्‍हात न्हाई. करायचं आनि द्यायचं. परत मागतंय का कुनी?"

आणि मग मी ओरडले. शेजारचे दारात येतील एवढ्या मोठ्यानं. तीन-तीन महिने तुम्ही दुसऱ्यांच्या घरी जेवत होता, त्यांच्या लंगड्या पोरींसाठी पडव्या मोठ्या करत होता, तुमच्या घरी पोरी नव्हत्या का? आक्काचं घर मोडून पाळणा केलात, मग पुन्हा एक करायला काय झालं होतं?

तात्या खाली बघत होते. आक्का म्हणाली, "अगं पुरे."

"सवड झाली न्हाई," तात्या म्हणाले.

एवढंच. मी तडक निघाले आणि एसटी स्टँडपर्यंत चालत गेले, तिथून परत आले, पुन्हा गेले. उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावरचा माणूस तिसऱ्या वेळेला म्हणाला, "ताई, कुनाला शोधताय का?" मी रस घेतला आणि उभ्यानं प्यायले.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरं परत द्यायला निघालो. सगळ्यात आधी धरणाकाठी. मुलगी दारातच होती. तिनं घर माझ्या हातातून घेतलं आणि पहिल्यांदा मागच्या खोलीत बोट घालून चूल आणि जातं चाचपलं. दोन्ही होतं. ती घर घेऊन आत गेली. बाबांनी विचारलं, "मिस्तरी काय म्हनलं?" मी म्हणाले, "म्हणाले, हे कसं दिलं त्यांनी?" बाबा हसले, आणि आतून मुलीचाही हसल्याचा आवाज आला. त्या तीन-चार दिवसांत तेवढाच एक क्षण माझं अंग सैल पडलं.

लोणीच्या बाईला घर परत नको होतं. "माळा भरला आता. तुमी लोक न्याला बी येता आनि द्याला बी!" शेवटी तिनंच वाट काढली आणि आम्ही ते गावच्या अंगणवाडीत ठेवलं. आम्ही वळतोय तोवर सहा-सात पोरींनी छप्पर काढून एकमेकींशी भांडायलाही सुरुवात केली होती. द्राक्षवाल्यानं मात्र आपलं घर आनंदानं घेतलं, कोंबडी दुसरीकडे बसायला तयार नव्हती म्हणून.

राहिलं घाटघर. पुण्याला आल्यावर मी त्या दुकानात सहा वेळा गेले. पहिल्या वेळी दुकानदार नीट बोलला, नंतर मला बघून आत जायला लागला. गिऱ्हाइकाचा पत्ता त्यानं दिला नाही, आणि त्याचं चुकत होतं असंही मी म्हणू शकत नाही. होळीच्या सुमारास मी मंचरला जाऊन तात्यांना म्हणाले, "घाटघरचं घर तुम्हाला आठवतं?"

"पोपटाचं. आठवतं."

"आम्हाला शिकवा."

त्यांनी आपले हात पुढे धरले, बघ म्हणून. मग म्हणाले, "पेटी काढा."

आक्काच्या गोठ्याची जुनी चौकट होती, तिचं लाकूड घेतलं. दर शनिवारी मी पुण्याहून जायची. आक्का करवत चालवायची, मी रंधा मारायची आणि तात्या बाजेवर बसून आरडाओरडा करायचे. "पटाशी हाय ती, विळी न्हाई!" "अगं कुसू ठोकतीस का शत्रूला मारतीस?" इतकं बोलताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. आक्काचा हात चांगला निघाला. माझ्याकडून काही धड होईना. चुका मला लांबून दिसायच्या, त्या टाळता मात्र येत नव्हत्या. दोन घरं फुकट गेली. तिसऱ्याला छप्पर बसलं. पोपट मी कोरले, आणि ते काय झाले हे न सांगितलेलं बरं.

पावसाच्या आधी आम्ही ते घाटघरला नेलं. बाईनं कडेकडेनं हात फिरवला.

"ह्ये ते न्हाई."

"नाही. हे आम्ही केलंय, तात्यांनी सांगितलं तसं."

"पोपट कावळ्यावानी झालाय," ती म्हणाली. पण घर उचलून फळीवर ठेवलं आणि पुढे पातेलं आडवं लावलं, पडू नये म्हणून. "आलीच तर दाविते. बोललीच तर बोललीच."

निघताना तिनं मला माझा फोन नंबर एका वहीत लिहायला लावला. त्यानंतर तिकडून काही कळलं नाही. दोन वर्षांनी तात्या गेले. मी एका प्रकाशकाकडे घरबसल्या मुद्रितं तपासायला लागले. व्हॅन विकली. घाटघरला जाऊन बघावं असं वर्षातून चार वेळा मनात यायचं. पण जाऊन काय ऐकायला मिळेल याची भीती वाटायची आणि मी दुसरंच काहीतरी काढून बसायची.

बरीच वर्षं गेल्यावर एका रविवारी फोन आला. बाईचा आवाज होता, तरुण आणि घाईतला.

"भावलीचं घर केलं होतं ते तुम्हीच ना? मी घाटघरची. म्हणजे ठाण्याला असते."

मी उभी राहिले. ती सांगत गेली. आम्ही घर ठेवून आल्यावर ती दोन दिवाळ्या माहेरी आलीच नव्हती. मग आजारी आईला बघायला म्हणून आली. आईनं फळीवरून घर काढून पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, सुताराच्या पोरींनी केलंय तुझ्यासाठी. "मला एवढा राग आला, वाटलं लाथ मारावी. मग पोपट बघितला आणि हसू आलं हो. आईपण हसायला लागली. मग आम्ही दोघी भांडलो. दुपारभर भांडलो. तेव्हापासून दर सुट्टीत जात होते." ती थांबली. "आई गेल्या महिन्यात गेली. घर मी इथे आणलंय. मुलगी आता मोठी झाली, धाकटी खेळते. पण दार बसत नाही त्याचं. काय करू?"

"कुठल्या बाजूनं अडतं?"

"खालनं."

"थोडा रंधा मारावा लागेल."

"इथे रंधा कुठून आणू?"

"मग पॉलिशपेपर आणा. नाही, थांबा, राहू द्या. पत्ता सांगा."

पुढच्या शनिवारी मी ठाण्याला गेले. चौथ्या मजल्यावरचा लहानसा फ्लॅट होता. घर टीव्हीशेजारी होतं, आणि माझे पोपट मला आठवत होते त्याहूनही वाईट होते. मी जमिनीवर बसले, दार बिजागरीतून काढलं आणि खालची कड घासायला घेतली. तिनं माझ्याशेजारी चहा आणून ठेवला. धाकटी समोर बसून, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बघत होती, आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "मावशी, झालं का?"